उबुंडू आणि किसांगानी: नदी जिथे अडते तिथलं गाव

नकाशावेडा

मला झोप लागली नाही की मी फोनवर नकाशा उघडतो आणि एखादा रेल्वेमार्ग धरून कुठेतरी जात बसतो. घरात याला 'बिनतिकीट प्रवास' असं नाव पडलंय. परवा असाच काँगोत शिरलो आणि एका जागी अडकलो तो अडकलोच.

एक रेल्वेमार्ग आहे, लांबी फक्त १२५ किलोमीटर. एका टोकाला किसांगानी, दुसऱ्या टोकाला उबुंडू नावाचं छोटं गाव. हा मार्ग बाकीच्या कुठल्याही रुळाला जोडलेला नाही. भोवती नुसतं जंगल. आणि गंमत म्हणजे दोन्ही टोकं एकाच नदीच्या काठावर! मग एवढी मोठी नदी असताना तिला समांतर रेल्वे टाकायचं कारण काय?

कारण मधल्या टप्प्यात नदीवर नाव चालत नाही. उबुंडूच्या खाली बोयोमा प्रपात सुरू होतात. एकामागून एक असे सात, जवळजवळ १०० किलोमीटरमध्ये पसरलेले. शेवटचा किसांगानीच्या वेशीवर. जुन्या पुस्तकांत यांना स्टॅन्ले फॉल्स म्हणत, किसांगानीला स्टॅन्लेविल आणि उबुंडूला पॉन्टियेविल. प्रपातांच्या वर नदीचं नाव लुआलाबा, खाली काँगो. पाणी तेच, पाटी बदलते.

मग पूर्ण साखळी मांडून बघितली. अटलांटिकमधून जहाज मटाडीपर्यंत येतं. तिथून किन्शासापर्यंत नदी पुन्हा प्रपातांची, म्हणून ३६६ किलोमीटर रेल्वे. किन्शासा ते किसांगानी नदीतून सतराशेच्या वर किलोमीटर. मग ही १२५ किलोमीटरची रेल्वे. उबुंडू ते किंडू पुन्हा नदी, तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर. किंडूपासून कोंगोलोपर्यंत परत रेल्वे, ३५५ किलोमीटर, कारण तिथे नदी एका घळीत शिरते. पाणी, रूळ, पाणी, रूळ. दर सांध्यावर प्रत्येक पोतं एकदा उतरवायचं, एकदा चढवायचं.

माझं म्हणणं असं की ही गावं नदीमुळे वसलेली नाहीत, नदी अडल्यामुळे वसली आहेत. नाव सरळ पुढे गेली असती तर इथे कुणी थांबलंच नसतं. जाणकारांनी प्रकाश टाकावा. तिकडे कुणी जाऊन आलंय का?

मीटरगेज

पहिला प्रतिसाद माझा! रेल्वेचा धागा आणि मी नाही असं कसं होईल.

तुमचा तो मार्ग १९०६ साली सुरू झाला. १९०२ मध्ये बेल्जियन भांडवलाने एक कंपनी निघाली होती, वरच्या काँगोपासून आफ्रिकेतल्या मोठ्या सरोवरांपर्यंत रेल्वे न्यायची म्हणून. त्यांनी हुशारी अशी केली की जिथे नदी चालते तिथे रूळ टाकायचेच नाहीत. फक्त अडचणीचे तुकडे जोडायचे. पहिला तुकडा हा. दुसरा किंडू-कोंगोलो, तो १९१० च्या अखेरीस झाला. मग काबालोहून टांगानिका सरोवरापर्यंत, तो १९१५ ला. त्यांच्या दृष्टीने खर्च वाचला. पुढच्या शंभर वर्षांचा हमालीचा खर्च कोण मोजतो?

गेजबद्दल, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराबद्दल, एक मजेशीर गोष्ट आहे, पण ती नंतर. आत्ता ऑफिसात आहे.

रानजाई

वाचतेय. एक बाळबोध शंका. सात प्रपात म्हणजे जोगसारखे सात धबधबे का? सातही मिळून किती उंचावरून पडतात?

नकाशावेडा

@रानजाई, नाही हो, तीच तर फसगत आहे. सगळे मिळून उतार साधारण ६० मीटर, आणि तोही १०० किलोमीटरमध्ये वाटलेला. जोग एकट्याने अडीचशे मीटरहून जास्त उडी मारतो. इथे उडी नाहीच, खडकांच्या पायऱ्यांवरून पाणी उकळत जातं.

पाणलोट

जलसंपदा खात्यात आयुष्य गेलं, त्यामुळे राहवत नाही.

उंची बघू नका, पाणी बघा. बोयोमावरून सेकंदाला सरासरी १७ हजार घनमीटर पाणी जातं. आपल्या सवयीच्या भाषेत सहा लाख क्युसेक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं तेव्हा अलमट्टीच्या विसर्गाचे आकडे आपण रोज टीव्हीवर ऐकत होतो, ते पाच लाख क्युसेकच्या आसपास होते. म्हणजे कृष्णेचा तो महापूर किसांगानीत साधारण रोजचाच. आणि समुद्राला मिळेपर्यंत हीच नदी सरासरी ४१ हजार घनमीटरवर जाते. जगात अ‍ॅमेझॉननंतर हीच.

दुसरी गोष्ट. ही नदी विषुववृत्त दोनदा ओलांडते. एकदा दक्षिणेकडून उत्तरेला, किसांगानीच्या थोडं आधी, आणि मोठा वळसा घेऊन एम्बंडाकाजवळ परत दक्षिणेला. पाणलोट क्षेत्राचा काही भाग उत्तर गोलार्धात, काही दक्षिणेत. एकीकडचा पावसाळा ओसरला की दुसरीकडचा सुरू. म्हणून खालच्या काँगोला आपल्यासारखं 'जूनमध्ये पूर आणि एप्रिलमध्ये वाळवंट' नसतं. पाणी चढतं-उतरतं, पण आटत नाही.

नकाशावेडांनी एक गंमत सोडली. किसांगानी विषुववृत्ताच्या उत्तरेला पन्नास-साठ किलोमीटर, उबुंडू दक्षिणेला चाळीसेक. म्हणजे ती १२५ किलोमीटरची गाडी एका गोलार्धातून दुसऱ्यात जाते. तिकिटावर लिहायला हवं.

सडेतोड

सगळं ठीक आहे, पण १९०६ ची रेल्वे अजून कौतुकाने सांगायची वेळ का यावी? सव्वाशे किलोमीटर म्हणजे पुण्याहून महाबळेश्वर. एक धड रस्ता बांधला की विषय संपला. इच्छाशक्ती नाही, दुसरं काय.

किन्शासावाला

@सडेतोड, तुमचा प्रतिसाद वाचून लॉगिन केलं. पासवर्ड विसरलो होतो, चार वर्षांनी लिहितोय.

मी कामानिमित्त किन्शासात सहा वर्षं होतो. कंपनीचं नाव सांगत नाही. किसांगानीला तीनदा गेलो, दोनदा विमानाने आणि एकदा हट्टाने नदीतून परत आलो. उबुंडूला जायचं फार मनात होतं, जमलं नाही. तेव्हा जे पाहिलं तेवढंच सांगतो.

आधी रस्त्याचं. तिथे वर्षाला सतराशे-अठराशे मिलिमीटर पाऊस पडतो. तुम्ही म्हणाल, महाबळेश्वरला याच्या तिप्पट पडतो. बरोबर, पण तो चार महिन्यांत पडून आठ महिने रस्ता वाळतो, तेवढ्यात डागडुजी होते. तिथे कोरडा असा महिनाच नाही. तांबडी माती, वर जंगलाची सावली, ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही. ट्रक एकदा रुतला की तिथे ट्रकभर खोल तळं होतं. पुढचा ट्रक बाजूने नवी वाट काढतो, मग तिथे दुसरं तळं. रस्ता असा रुंद होत जातो आणि बिनकामाचा होत जातो. दर थोड्या अंतरावर नदी किंवा ओढा, पूल असला तर लाकडी, नसला तर 'तर', म्हणजे पलीकडे नेणारी नाव. आमच्या गावच्या तरीसारखीच, फक्त ट्रक वाहणारी.

पूर्वेकडचा रस्ता मात्र सुधारला होता. किसांगानीहून बेनीकडे जाणारा, सातशेच्या वर किलोमीटर. त्यातून गंमत अशी झाली की देशाचं बंदर अटलांटिकवर आणि किसांगानीच्या बाजारातला बराचसा माल हिंदी महासागरावरून, मोंबासाहून युगांडामार्गे ट्रकने आलेला. राजधानीशी सडकेने धड संबंध नाही. नदी किंवा विमान.

विमानाने किन्शासाहून दोन तासांच्या आतबाहेर. उतरलात की घड्याळ एक तास पुढे करायचं, कारण देशात दोन वेळा चालतात. खिडकीतून मी पूर्ण वेळ खाली बघत होतो. हिरवं, हिरवं, हिरवं, मधे तपकिरी नदीचं जाळं आणि त्यात बेटं. एक रस्ता दिसेल म्हणून डोळे ताणले. नाही दिसला.

बाकी रात्री लिहितो.

सडेतोड

बरं बाबा, पुण्याहून महाबळेश्वर मागे घेतो. पण इच्छाशक्तीचं नाही घेणार.

खाडीकाठ

नकाशावेडांचा 'नदी अडते तिथे गाव' हा मुद्दा आम्हा कोकण्यांना शिकवायला नको. महाड, चिपळूण, राजापूर ही गावं तिथेच का आहेत? समुद्रावर का नाहीत? भरतीचं पाणी जिथवर चढायचं तिथवर मचवे यायचे. पुढे खडक आणि उथळ पाणी. मग माल उतरायचा, बैलांच्या पाठीवर चढायचा आणि वरंध, कुंभार्ली, अणस्कुरा चढून देशावर जायचा. चिपळूणचा गोवळकोट धक्का हे आमचं किसांगानी. पेठ, वखारी, हमाल, धर्मशाळा, सगळा पसारा त्या एका चढउतारीवर. माझे पणजोबा तिथे तांदळाची पोती मोजायचे.

घाटातून गाड्यारस्ता झाला, मग रेल्वे झाली, आणि धक्क्यावर आता क्रिकेट खेळतात. तिथे पर्याय आलाच नाही, म्हणून गाव टिकलं असं म्हणायचं का?

नकाशावेडा

@खाडीकाठ, टाळ्या. महाडचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. फरक एवढाच की आपल्याकडे वाट एकदाच तुटायची, समुद्र ते घाट. तिथे तीन-चारदा तुटते. दर सांध्याला उशीर, चोरी, ओलावा, आणि वाट बघणारी माणसं. किसांगानीला बार्ज आली पण गाडी नाही, किंवा गाडी आली पण उबुंडूला पुढची बोट नाही. सांधे जुळतीलच असं नाही.

किन्शासावाला

रात्रीचं वचन पाळतो. लांब होईल.

किसांगानी शहर उजव्या काठावर. रेल्वेस्टेशन डाव्या काठावर, लुबुंगा भागात. मधे किलोमीटरहून रुंद नदी आणि पूल नाही. पूल नाही म्हणजे तिथेच नाही असं नव्हे, किसांगानीपासून खाली थेट मटाडीपर्यंत मुख्य नदीवर एकही पूल नाही. मटाडीचा झुलता पूल १९८३ चा. किन्शासा आणि ब्राझाव्हिल या दोन राजधान्या समोरासमोर आहेत, त्यांच्यामध्येसुद्धा बोटच. तेव्हा उबुंडूची गाडी पकडायची तर आधी होडी.

ती होडी म्हणजे अख्ख्या झाडाचं खोड कोरलेली पिरोग. मी बसलो तीत पस्तीसेक माणसं, दोन बकऱ्या, पाच-सहा सायकली आणि पामतेलाचे पिवळे कॅन. काठ पाण्याच्या वर जेमतेम वीतभर. समोर बसलेली बाई एका हाताने पोर सांभाळत दुसऱ्या हाताने डब्याने पाणी उपसत होती, गप्पा चालूच. वल्हेकरी सरळ पलीकडे जात नाही. आधी काठाकाठाने बराच वर जातो, मग प्रवाहात सोडतो, आणि नदीच तुम्हाला तिरकी वाहत पलीकडच्या धक्क्यावर आणून घालते. अंदाज चुकला तर पाव किलोमीटर खाली लागायचं आणि चालत यायचं. आमचा चुकला नाही.

लुबुंगाला स्टेशन बघितलं. रुळांत गवत होतं, फलाटावर मका वाळत घातला होता. गाडी कधी, असं विचारलं तर एकाने खांदे उडवले आणि दुसऱ्याने हसून नदीकडे बोट दाखवलं. गाडी तेव्हा अधूनमधून चालायची, हप्त्याला एक असंही नाही. ज्यांना जायचंच आहे ते मोटारसायकलने जातात, आणि माल सायकलवरून. सायकलवर बसून नव्हे. हँडलला एक काठी बांधायची, सीटच्या मागे दुसरी, मधे शंभर-दीडशे किलोचं ओझं, आणि ढकलत ढकलत जंगलातून दिवसचे दिवस चालायचं. शहरातल्या सायकल-टॅक्सीला तिथे 'तोलेका' म्हणतात. लिंगाला भाषेत त्याचा अर्थ साधारण 'चला, पुढे जाऊ'. मागच्या सीटवर गादी शिवलेली असते, रंगीत झालर लावून. आपल्या रिक्षावाल्यांनी बघावी.

भाषेचंही तसंच. खाली नदीने आलेली लिंगाला, वरून पूर्वेकडून आलेली स्वाहिली, आणि दोन्ही इथे भेटतात. भाजीवाली दोन्हींत भाव सांगायची, तिसऱ्यांदा माझ्यासाठी फ्रेंचमध्ये. तिन्ही भाव वेगळे.

वागेन्या जमातीचे कोळी बघितले ते मात्र विसरणार नाही. शेवटच्या प्रपातात, जिथे पाणी सर्वांत चवताळलेलं, तिथे त्यांनी खडकांत मोठाले ओंडके रोवलेत, वेलींनी एकमेकांना जखडलेत. त्या मांडवावरून प्रवाहात टोपल्या सोडायच्या. टोपली म्हणजे पुरुषभर लांब शंकू, तोंड रुंद, शेपूट निमुळतं. पाण्याच्या जोराने मासा आत जातो आणि त्याच जोरामुळे परत फिरू शकत नाही. माणसं ओल्या ओंडक्यांवरून अनवाणी चालतात, खाली ते पाणलोटकाकांचं सहा लाख क्युसेक. पोरं तर त्यात उड्या मारून पोहतात. माझ्याकडून नुसतं बघवत नव्हतं.

खाडीकाठ

हे तर आमच्या डोल जाळ्याचं तत्त्व! प्रवाहाच्या तोंडावर जाळं ताणून ठेवायचं, मासा आपणहून येतो. फक्त आम्हाला भरती-ओहोटीची वेळ बघावी लागते, त्यांच्याकडे ओहोटी कायमची.

रानजाई

किन्शासावाला, नदीतून परत आलात त्याचं लिहा ना. जेवायला काय होतं? पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

किन्शासावाला

@रानजाई ताई, लिहितो.

बोट म्हणजे काय ते आधी. गोव्यात मांडवीवर खनिजाच्या बार्ज बघितल्यात ना, त्यांना स्वतःचं इंजिन असतं. इथे बार्ज म्हणजे बिनइंजिनाचा सपाट लोखंडी तराफा. असे चार-सहा तराफे दोरखंडांनी एकमेकांना बांधायचे आणि मागून एक इंजिनबोट त्यांना ढकलत नेते. ओढत नाही, ढकलते. वर जाताना सिमेंट, मीठ, साखर, बिअरचे क्रेट, जुने कपडे. खाली येताना लाकडाचे ओंडके, मका, तांदूळ, पामतेल, धुरी दिलेले मासे. आणि या सगळ्याच्या वर ताडपत्र्या ताणून शेकडो माणसं. चुली, कोंबड्या, एक न्हावी, एक औषधं विकणारा. शिंपीसुद्धा होता मशीन घेऊन.

खाली येताना प्रवाह मदतीला असतो, तरी आम्हाला सोळा दिवस लागले. उलट दिशेला तीन-चार आठवडे लागले तर लोक बरं झालं म्हणतात. वाळूचे दांडे जागा बदलत राहतात. पुढे एक पोरगा लांब बांबू घेऊन उभा असतो, पाण्यात बुडवून खोली ओरडून सांगतो. दोनदा रुतलो. एकदा सहा तासांत सुटलो, दुसऱ्या वेळी दोन दिवस. कुणी चिडलं नाही. मी चिडलो होतो, पण माझ्याशी चिडायला कुणी जोडीदार नव्हता.

बघण्यासारखं म्हणजे पिरोगींचं चिकटणं. काठावरच्या गावातून होडी निघते, बार्जच्या वाटेत येऊन थांबते, आणि बार्ज शेजारून जाताना पुढचा माणूस कडेचा दोर किंवा नुसती लोखंडी पट्टी पकडतो. बार्ज थांबत नाही. पकड चुकली तर लाटेने होडी उलटते. पकडली की बाजार सुरू. मासे, केळी, माकडाचं वाळवलेलं मांस, जिवंत सुरवंट टोपलीभर. ते विकून साबण, मीठ, बॅटरी, गोळ्या घ्यायच्या आणि दहा-वीस किलोमीटर खाली गेल्यावर दोर सोडायचा. मग वल्हवत प्रवाहाविरुद्ध घरी. त्या गावांना दुसरं दुकान नाही. बार्ज महिनाभर आली नाही तर महिनाभर मीठ नाही.

जेवण: क्वांगा. कसाव्याचा कंद बरेच दिवस पाण्यात भिजवतात, कारण कडू जातीत विष असतं, मग कुटून पीठ, आणि रानातल्या रुंद पानात घट्ट गुंडाळून वाफवतात. आठवडाभर टिकतं. चव? आंबूस, चिवट, पहिल्या दिवशी नको वाटतं आणि पाचव्या दिवशी शोधायला लागतो. आपला उपासाचा साबुदाणा याच कंदाचा, हे मी तिथे एका बाईला सांगितलं. उपासाला हे खातात म्हटल्यावर ती म्हणाली, मग आम्ही रोजच उपास करतो.

जळगावकर

अवांतर आहे पण राहवेना. किसांगानीच्या खाली नव्वद-शंभर किलोमीटरवर नदीकाठी यांगांबी नावाचं गाव आहे का? आमच्या केळीवाल्यांत 'यांगांबी किमी ५' ही जात अभ्यासक लोक फार सांगतात, करपा रोगाला दाद देत नाही म्हणून. मी इतकी वर्षं समजत होतो की यांगांबी हे कुणा शास्त्रज्ञाचं आडनाव आहे!

पाणलोट

@जळगावकर, तेच गाव. बेल्जियन काळात १९३३ पासून तिथे शेती संशोधनाचं प्रचंड मोठं केंद्र होतं. संशोधन केंद्रापासून पाचव्या किलोमीटरवरची केळ म्हणून 'किमी ५'. तेलताडाच्या जाड आणि पातळ कवचाच्या जातींचं गणित १९४१ मध्ये तिथेच सुटलं. आज आंध्रात जो संकरित तेलताड लावतात तो त्याच सूत्राचा. रोबस्टा कॉफीवरही त्यांनी बरंच काम केलं. म्हणजे माल अडकला तरी रोपं निघाली त्या गावातून.

जुनापुराणा

इतिहासाचा तुकडा टाकतो, नाहीतर धागा नुसता पाण्यात राहील.

एकोणिसाव्या शतकात मोठा प्रश्न होता की लुआलाबा जाते कुठे. उत्तरेला वाहते, म्हणजे नाईलच असणार, असं लिव्हिंगस्टनला वाटत होतं. १८७१ मध्ये तो लुआलाबाकाठच्या न्यांग्वे गावापर्यंत पोचला, पण पुढे जाता आलं नाही. १८७६ च्या अखेरीस स्टॅन्ले तिथून निघाला, सोबत काही काळ झांझिबारचा हस्तिदंताचा आणि गुलामांचा व्यापारी टिप्पू टिप. १८७७ च्या जानेवारीत स्टॅन्लेने हे सातही प्रपात ओलांडले, होड्या खांद्यावर घेऊन, आणि त्याच्या खाली नदी पश्चिमेला वळते हे बघितलं. म्हणजे नाईल नव्हे, काँगो. भूगोलातलं एक जुनं भांडण तिथे मिटलं. आणि सहा वर्षांनी, १८८३ मध्ये, तोच माणूस त्याच प्रपाताच्या पायथ्याशी ठाणं घालायला परत आला. १८८७ ला त्याच टिप्पू टिपला तिथला गव्हर्नर नेमलं. स्वाहिली तिथे पूर्वेकडून आली ती या व्यापाऱ्यांबरोबर.

सडेतोडांच्या इच्छाशक्तीवर एवढंच म्हणतो. ती रेल्वे आली हस्तिदंत आणि रबर बाहेर काढायला. गावं एकमेकांना जोडायला आलेली नव्हती. तिच्यासाठी सक्तीने राबलेल्यांची इच्छा कुणी विचारली नव्हती.

नंतरचंही ऐका. पुढे देशाचा पहिला पंतप्रधान झालेला पॅट्रिस लुमुंबा याच किसांगानीत पोस्टात नोकरीला होता. १९६४ च्या २४ नोव्हेंबरला बंडखोरांच्या ताब्यातल्या शहरावर बेल्जियन छत्रीधारी सैनिक उतरले, अमेरिकन विमानांतून. आणि २००० सालच्या जूनमध्ये रवांडा आणि युगांडा या दोन परक्या सैन्यांनी सहा दिवस या तिसऱ्याच देशाच्या शहरात एकमेकांवर तोफा डागल्या. शेकडो नागरिक गेले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०२२ मध्ये युगांडाला काँगोतल्या त्या साऱ्या युद्धकाळातल्या नुकसानीबद्दल ३२.५ कोटी डॉलर भरायला सांगितले.

मीटरगेज

त्यात उबुंडूचं एक पान राहिलं. १९९७ च्या सुरुवातीला रवांडातून आलेले हुतू निर्वासित युद्धातून पळत पळत पश्चिमेला निघाले. हजारो लोक उबुंडूला नदी ओलांडून याच रुळांवरून किसांगानीकडे चालत आले. रुळालगतच त्यांच्या छावण्या झाल्या, काहींची नावंसुद्धा किलोमीटरच्या दगडावरून, पंचवीसवा, एक्केचाळीसवा. एप्रिलमध्ये त्या छावण्यांवर हल्ले झाले. मी लहानपणापासून रुळांच्या बाजूचे किलोमीटरचे दगड वाचत आलोय. हे वाचल्यापासून त्या आकड्यांकडे तसं बघता येत नाही.

सडेतोड

जुनापुराणा, मीटरगेज, वाचलं. इच्छाशक्तीचा शब्द मागे.

रानजाई

एक विचारू? उबुंडू ते किंडू हा मधला तीनशे किलोमीटरचा टप्पा नदीचा आहे. समजा उद्या कुणी तिथेही रूळ टाकले. मग किसांगानीहून थेट दक्षिणेकडच्या खाणींपर्यंत एकच गाडी जाईल ना? सगळी चढउतार वाचेल.

मीटरगेज

@रानजाई, हीच ती गेजची गोष्ट, सुरुवातीला सांगतो म्हटलं होतं ती.

हे तुकडे सुरुवातीला सगळे मीटरगेज होते, आपल्या जुन्या मनमाड-सिकंदराबाद मार्गासारखे. १९५५ च्या सुमारास किंडूकडचे मार्ग कटांगाच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या त्या खाणींच्या भागातल्या, जाळ्याला जोडायचे म्हणून रुंद करून १०६७ मिलिमीटरचे केले, दक्षिण आफ्रिकेतल्यासारखे. किसांगानी-उबुंडू मात्र एकटाच पडलेला, कशालाच जोडलेला नाही, म्हणून तो तसाच ठेवला. आजही १००० मिलिमीटर. देशातला तेवढाच एक.

फरक ६७ मिलिमीटरचा. आत्ता पट्टी घेऊन मोजलं, माझी चार बोटं जेमतेम.

खाडीकाठ

म्हणजे रूळ पूर्ण जोडले तरी उबुंडूला डबे बदलावे लागणारच?

मीटरगेज

हो. किंवा मग पोती.

खाडीकाठ

पणजोबांना सांगायला हवं होतं. नोकरी पक्की होती.